उत्तर बुरुजाचं दार

प्रिय राणी,

तुझ्या सेक्रेटरीचं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. जाड कागद, वर तुझं नाव सोनेरी अक्षरांत, खाली त्या पोरीची सही आणि मध्ये चार ओळी. तुझ्या कादंबरीच्या पाच खंडांवरून आता एक मोठा, डब्यातला खेळ निघणार आहे, तेव्हा मी पूर्वी ठेवलेली 'संदर्भवही' कुरिअरनं पाठवावी. अकरा वर्षांनी तुझ्याकडून आलेला हा पहिला कागद, आणि तोही दुसऱ्याच्या हातचा. माझे गुडघे कसे आहेत, मी आहे की गेले, कशाची चौकशी नाही. मी नको, वही हवी. मी काही दूधखुळी नाही. वही कशासाठी हवी ते मला कळतं, आणि मला कळतं हे तुलाही कळतं. म्हणून आधी तेवढंच सांगून मोकळी होते: वही मिळणार नाही. ती माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे, आणि तिच्याभोवती बसून चार माणसं गेले पाच महिने दर शनिवारी तुझ्या उत्तर बुरुजाच्या पायऱ्या चढताहेत. येत्या शनिवारी चार वाजता ती दारापाशी असतील. ते दार कुणी लावलं हे तुझ्या सगळ्या वाचकांना पाठ आहे: विसराळू पहारेकरणीनं. ते खोटं आहे हे जगात फक्त आपल्या दोघींना माहीत होतं. आता तसं राहिलेलं नाही.

हे घरात आणलं माझ्या भाचीनं. धाकटीची मुलगी. तू पाहिलीस तेव्हा टेबलाखाली बसून तुझ्या सॅंडलचे पट्टे सोडत होती. आता एक्केचाळीस वर्षांची आहे आणि पाणीखात्यात पाइपांचे नकाशे काढते. तिच्या इमारतीचं काम निघालं म्हणून माझ्याकडे राहायला आली, बरोबर दोन बॅगा आणि एक बुटांचं खोकं. खोक्यात फासे. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, बारा बाजूंचे, आणि एक वीस बाजूंचा, मोठ्या गोटीसारखा. म्हणाली, "मावशी, शनिवारी तिघं येतील, टेबल देशील?" मला वाटलं पत्ते कुटतील. आले कोण, तर एक दातांची डॉक्टर, जी बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघते. एक बस चालवणारे गृहस्थ, खुर्चीत न मावणारे, मिशा अशा की आपल्या होस्टेलच्या मदरनं कात्रीच मागवली असती. तिसरीबद्दल पुढे सांगते. मी चहा घेऊन बाहेर येते तो हे गृहस्थ अगदी बारीक आवाजात म्हणताहेत, "मी वनराणीची धाकटी बहीण आहे, मला पाण्याची भीती वाटते." ट्रे पडता पडता वाचला. भाचीला आत बोलावून मी विचारलं, ह्यांच्या घरी माहीत आहे का हे? ती म्हणाली, "बायकोच आणून सोडते."

खेळ म्हणजे काय, तर पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही. भाची सांगते की तुम्ही आता अमुक ठिकाणी उभे आहात, समोर हे दिसतंय, डावीकडून असा आवाज येतोय. मग विचारते, "तुम्ही काय करता?" बस्स, एवढंच. ज्याला जे सुचेल ते तो करतो, आणि जमेल की नाही याची शंका असली की फासा टाकायचा. भाचीच्या म्हणण्याप्रमाणे हे सगळं निघालं ते तुझ्यासारख्यांच्या पुस्तकांतूनच. बुरूज, जादूगार, शापित तलवारी वाचून वाचून एक दिवस कुणाला तरी नुसतं वाचणं पुरेना, आत शिरावंसं वाटलं. "पुस्तकात नायक डावीकडे वळतो, कारण लेखिकेनं त्याला वळवलं," ती म्हणाली. "आम्ही उजवीकडे वळलो तर तिथे काय आहे, एवढंच आम्हाला बघायचं असतं." मी तिला म्हटलं, तिथे काही नसतं, लेखिकेनं लिहिलेलंच नसतं. ती हसली. म्हणाली, नकाशा काढायला बसलं की असतं. पाइप हवेतून येत नाही, मावशी, मागून कुठून तरी आलेलाच असतो.

चूक माझ्या हातून झाली. तिसऱ्या शनिवारी बसवाले गृहस्थ म्हणाले, बुरुजाला दोन खिडक्या आहेत, मी दुसरीतून शिरते. (ते खेळात बाई आहेत, हे विसरू नकोस.) मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. तीस वर्षं मुद्रितं तपासली, समोर चूक दिसली की माझ्या जिभेला दम निघत नाही. तिथूनच ओरडले, "एकच खिडकी! खंड दुसरा, पान दोनशे बारा!" मग भाची म्हणाली की मावशी, तुझ्याइतकं हे जग कुणालाच ठाऊक नसेल, आणि झालं, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. कपाटातून ती जाड वही काढून मी टेबलावर आणून ठेवली. चार रकाने: कोण, कुठे, किती वाजता, हातात काय. डाव्या पानावर तुझ्या पहिल्या खर्ड्यात होतं तसं, उजव्या पानावर दुरुस्तीनंतर. तुझ्या पाचही खंडांतली एकेक मेणबत्ती कुणी पेटवली नि कुणी विझवली ते त्या वहीत आहे. भाचीनं ती दोन्ही हातांनी उचलली. त्या तिसऱ्या बाईनं मात्र हात लावला नाही. ती नुसती बघत होती, वहीकडे नाही, माझ्याकडे.

ही किल्लीवाली. साठीची असेल, अंगानं बारीक, बोटांना कायम पितळेचा वास. पुलाखाली हातभर रुंदीचं दुकान आहे तिचं, किल्ल्या बनवायचं. भाची माझ्या घराची जादा किल्ली करून घ्यायला गेली, तर तिथे तुझा दुसरा खंड, खाकी कव्हर घातलेला, पानोपानी चिठ्ठ्या खोचलेल्या. भाचीनं आनंदून विचारलं, तुम्हालाही ही पुस्तकं आवडतात? ती म्हणाली, "आवडत नाहीत. वाचते." भाचीला हा विनोद वाटला आणि तिनं खेळायला बोलावलं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली पात्रं घेतली. डॉक्टरनं ती चिमुकली हेर घेतली, जी बुरुजात कोंडली जाते. किल्लीवालीनं घेतली पहारेकरीण. भाचीनं समजावलं की तिला काही शक्ती नाही, शस्त्र नाही, दुसऱ्या खंडातच तिचा शापानं दगड होतो. ती म्हणाली, "चालेल. दगड होईपर्यंत खेळते."

वही टेबलावर आली त्याच्या पुढच्याच शनिवारी भाची सांगत होती, बुरुजाला एकतीस पायऱ्या आहेत. पुस्तकात एवढंच आहे, मी वही न बघता सांगू शकते. किल्लीवाली बशीत चहा ओतत होती. मान वर न करता म्हणाली, "एकोणतीस. मग वळण. मग दोन, त्यांतली खालची फुटकी." भाचीला ते फार आवडलं, तिनं लगेच नकाशात फुटकी पायरी काढली. मी दारात उभी होते, हातात बिस्किटांची बशी. राणी, त्या फुटक्या पायरीवर माझा घोटा दोनदा मुरगळला होता. ती तुझ्या कुठल्याही खंडात नाही. मी मनाची समजूत घातली की जुन्या जिन्यांना फुटक्या पायऱ्या असतातच. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं. पण त्या दिवसापासून मला शनिवार नकोसा झाला. आणि तरी दर शनिवारी पावणेचारला मीच टेबल पुसत होते.

मग ती कुलपावर आली. तू लिहिलं आहेस की पहारेकरीण आत कुणी आहे का ते न बघता निघून गेली आणि 'दार आपोआप मिटलं'. किल्लीवालीनं विचारलं, कुलूप कसलं? भाचीनं वहीत शोधलं: लोखंडी, दारात बसवलेलं, मोठ्या किल्लीचं. "मग ते आपोआप लागत नाही," ती म्हणाली. बसवाले गृहस्थ म्हणाले, जादूचं असेल. "असू दे जादूचं. अशा कुलपाला बाहेरून किल्ली फिरवावी लागते. दोनदा. पहिल्यांदा जीभ अर्धी बाहेर येते, दुसऱ्यांदा पूर्ण. जो लावतो त्याला दोन्ही वेळा हाताला कळतं." मग ती भाचीला म्हणाली की माझ्या कमरेला त्या वेळी किल्ली होती का ते बघून सांगा. भाची म्हणाली, पुस्तकात होती. "पुस्तकातलं नको. मी चाचपून बघते. फासा टाकू का?" भाचीनं जरा विचार केला आणि म्हणाली, तुमच्या कमरेला काय आहे त्याला फासा कशाला, ते मला वहीतून काढायला हवं, पुढच्या वेळी सांगते. बघ, तुला इतकी वर्षं कुणी हा प्रश्न विचारला नाही. वाचणारा विचारत नाही. तू लिहिलंस 'आपोआप', आणि शहाणीसुरती माणसं मान डोलावून पुढच्या पानावर गेली.

त्याच दिवशी डॉक्टरची हेर बुरुजात कोंडली गेली होती. डॉक्टर म्हणाली, मी पुस्तकातल्यासारखंच करते, चादरी एकमेकींना बांधते, खांद्यांवर घेते, त्यांचे पंख होतात आणि मी उडून जाते. त्या पानावर लोक रडतात म्हणे. शाळांच्या स्नेहसंमेलनात पोरी पांढऱ्या चादरी घेऊन स्टेजवर पळतात. भाची म्हणाली, "खिडकी तीस फूट उंच आहे. चादरी ओल्या आहेत. फासा टाक." डॉक्टर हसत म्हणाली, अगं, पंख आहेत! भाची म्हणाली की पंख लेखिकेनं दिले होते, इथे मी फक्त चादरी देऊ शकते. फासा टेबलावर गडगडत गेला आणि वहीला लागून थांबला. तीन. वीसपैकी तीन, म्हणजे हेर खाली पडली. बसवाल्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, खरंच माणूस गेल्यासारखी. मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले.

तुला आठवतं का, की पाच खंडांखाली पुरून टाकलंस? मला सगळं दिसतं. सुट्टीच्या आधीचा शुक्रवार, अर्धं होस्टेल घरी चाललेलं. आपल्या खेळाला तेव्हा फासे नव्हते, कागदाच्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. तू राणी, मी चिटणीस, आणि त्या सहामाहीत नवीन भरती झालेली हेर म्हणजे मुंगी. वर्गात सगळ्यांत लहानखुरी, सतत कुणाचं तरी काहीतरी उचलून नेणारी, म्हणून मुंगी. तू तिच्यावर फितुरीचा खटला भरलास. शिक्षा, सूर्य मावळेपर्यंत उत्तर बुरूज. उत्तर बुरूज म्हणजे कपडे वाळवायचा माळा. दारवाल्या बाईंच्या खिळ्यावरून किल्ली तूच काढलीस, त्या खाली धोब्याचं गाठोडं मोजून घेत होत्या. मुंगी हसत हसत आत गेली, तू दार ओढलंस, किल्ली दोनदा फिरवलीस. मग तासभर आधीच तुझ्या वडिलांची गाडी आली, आणि किल्ली ट्यूनिकच्या खिशात घेऊन तू घरी निघून गेलीस. मुंगीनं साडेपाचच्या सुमारास तीन ओल्या चादरी बांधल्या. तिसरी गाठ सुटली.

पुढचं त्याहून वाईट आहे, आणि ते आपण तेरा वर्षांच्या होतो म्हणून माफ होण्यासारखं नाही. बाईंच्या खिळ्यावर किल्ली नव्हती. आत आणखी कुणी आहे का हे बघायला माळ्याचं दार त्यांनी स्वतः बागेच्या माळ्याला बोलावून पहारीनं फोडलं. मदरनं विचारलं तेव्हा त्या तीनदा म्हणाल्या, मी कुलूप लावलं नाही, किल्ली जागेवर नाही. सोमवारी प्रार्थनेच्या आधी तू किल्ली ॲप्रनांच्या मागे त्याच खिळ्याला अडकवलीस आणि माझ्या कानात म्हणालीस, "बोललीस तर तूही." मग किल्ली सापडली, आणि बाई निष्काळजी तर ठरल्याच, वर खोटारड्याही ठरल्या. दुपारी त्यांची ट्रंक फाटकाबाहेर गेली. बरोबर चार-पाच वर्षांची एक मुलगी होती, ट्रंकेची एक कडी धरून चाललेली. आपण दोघी वरच्या खिडकीतून बघत होतो.

आणि बावीस वर्षांनी तू त्याचं पुस्तक केलंस. तेही मी समजू शकले असते, माणसाला कुठेतरी ओकावं लागतं. पण तू काय केलंस? मेलेल्या मुंगीला पंख दिलेस, स्वतःला मुकुट दिलास, आणि त्या बाईचा दगड केलास. मुद्रितं बघायला मीच हवी असा हट्ट धरलास, आणि सगळा छापखाना म्हणाला, काय ही मैत्री! मैत्री कसली, उंदराला मांजर साक्ष. तुझ्या खर्ड्यात हात एकदाच घसरला होता, त्या पानावर किल्ली राणीच्या झग्याच्या खिशात होती. मी खाली रेघ मारून पान परत पाठवलं. तू स्वतः ऑफिसात आलीस, इतक्या वर्षांत एकदाच, माझ्या समोरच्या स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, "दुरुस्त कर." मी लाल शाईनं दुरुस्त केलं. दगडाला आणखी एक चिरा मी लावला.

पण आमच्या धंद्यात एक सवय असते: बदल कुणी करायला सांगितला ते लिहून ठेवायचं. गेल्या शनिवारी भाचीनं चष्मा लावला आणि किल्लीवालीला म्हणाली, तुमचं उत्तर सापडलं. आणि बातम्या वाचाव्यात तशा आवाजात वाचलं. डावीकडे: 'किल्ली, राणीच्या झग्याच्या खिशात.' उजवीकडे: 'किल्ली, पहारेकरणीच्या कमरेला. लेखिकेच्या तोंडी सांगण्यावरून.' खाली तारीख, खाली माझी सही. डॉक्टर म्हणाली, अय्या, म्हणजे राणीनंच लावलं होतं दार! बसवाले म्हणाले, मला पहिल्या खंडापासून संशय होता. दोघंही लहान मुलांसारखी खूश झाली, भाचीसुद्धा. तुझ्या सेक्रेटरीच्या पत्राबरोबर आलेलं ते रंगीत कार्ड टेबलावरच पडलं होतं, नव्या खेळातलं. दगडाची बाई, ओठ लोंबते, खाली छापलेलं: 'पहारेकरीण. दोष: विसराळू, लबाड.' किल्लीवालीनं ते उचललं, बराच वेळ वाचलं आणि पालथं ठेवलं. भाचीनं विचारलं, मग आता तुम्ही काय करता? ती म्हणाली, "आज नाही. पुढच्या शनिवारी."

मंगळवारी सकाळी अकरा वाजता बेल वाजली. भाची ऑफिसला गेलेली. दारात किल्लीवाली, हातात हत्यारांची पिशवी नाही, नुसती एक प्लास्टिकची पिशवी. स्वयंपाकघरात बसली. म्हणाली, "बाई, मी त्यांची मुलगी." कुणाची, असं मी विचारलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याला मी पुरून उरते. ती अगदी गिऱ्हाइकाला कुलपाचा दोष सांगावा तशी सांगत होती. आईनं पुन्हा कधी किल्ली हातात धरली नाही. घराला कुलूप लावायचं काम लहानपणापासून हिचं, म्हणून हिला कुलपं कळायला लागली. आणि आई कुठलंही दार लावण्याआधी त्यावर टकटक करायची. खोलीचं, न्हाणीघराचं, कपाटाचं, शेवटी शेवटी पिठाच्या डब्याचंसुद्धा. टकटक करायची, कान लावायची आणि विचारायची, "आहे का गं कुणी?" शेजारी हसायचे. मग तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. मदरच्या सहीचा, चार घड्या पडलेला: निष्काळजीपणा व असत्य बोलणे या कारणांवरून कामावरून कमी करण्यात येत आहे. तुझं पुस्तक एक गिऱ्हाईक दुकानात विसरून गेलं होतं. तिनं सहज उघडलं, आणि त्यात आईचा जिना होता, आईचा खिळा होता, आणि आई दगड होऊन उभी होती. मग शेवटच्या पानावर तिला मुद्रितं तपासणारीचं नाव सापडलं, आणि पुढे एक दिवस त्याच नावाच्या मावशीच्या घराची जादा किल्ली करून मागायला माझी भाची आली. मी म्हटलं, मी माफी मागते. ती म्हणाली, "ती ठेवा तुमच्याकडे. मला लिहून हवंय. आईला लिहून दिलं होतं, तसं. दोघींच्या हातचं."

मी त्याच दुपारी तुला पाच पानी पत्र लिहिलं आणि बुधवारी ते आधी तिला दाखवायला तिच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी तिनं ते उभ्या उभ्या वाचलं, ओळीखाली बोट धरून, मी मुद्रितं वाचायची तसं. सगळं तुझ्याबद्दल होतं आणि सगळं खरं होतं. माझ्याबद्दल एकच ओळ होती: मी त्या वेळी अभ्यासाच्या हॉलमध्ये होते, मला सोमवारीच कळलं. त्या ओळीवर तिचं बोट परत आलं. एवढंच विचारलं, "माळा अभ्यासाच्या हॉलच्या डोक्यावरच होता ना, बाई?" आणि पानं मला परत दिली. म्हणून हे पत्र. होय, मला ऐकू आलं. पावणेचारपासून ऐकू येत होतं. आधी तळहातानं, तीन-तीन, आपल्या खुणेचं. मग बुटाच्या टाचेनं, न मोजता. मी राणीचा हुकूम सुवाच्य अक्षरात उतरवून काढत होते, आणि आपला नियम होता की राणीच्या आज्ञेशिवाय चिटणीसानं दाराला हात लावायचा नाही. पण नियमाचं निमित्त. हेर मला व्हायचं होतं, तू मला कबूल केलं होतंस आणि दिलंस मुंगीला. मला वाटलं, बसू दे. पाचच्या पुढे आवाज थांबला, तेव्हा शांतता झाली म्हणून मला बरं वाटलं. दारवाल्या बाईंची खोली तिथून चाळीस पावलांवर होती. मी नुसतं जाऊन सांगितलं असतं तर किल्ली असो नसो, त्यांनी ते दार तेव्हाच फोडलं असतं. छप्पन्न वर्षं मी तुला दोषी धरून चैनीत राहिले. या पत्राच्या दोन प्रती केल्या आहेत, एक आज तिच्या दुकानात दिली, ही तुला. भाचीला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली की खेळ दारापाशीच थांबवते. शनिवारी टेबलावर दोन कागद असल्याशिवाय किल्लीवाली पुढची चाल करणार नाही. माझा असेल. तुझा नसला तर माझा एकटाच मोठ्यानं वाचला जाईल, आणि त्यात आपण दोघी आहोत. सोमवारी तो, मदरच्या कागदासकट, तुझा तो डब्यातला खेळ काढणाऱ्या कंपनीकडे जाईल. याला धमकी म्हण, मी नाही म्हणत नाही. आता पाळी तुझी आहे. स्वतः ये, नाहीतर स्वतःच्या हातानं लिहून पाठव, पण झालं तसं लिही. दुरुस्त करायला या वेळी मी नाही.

तुझीच, पहिल्या दिवसापासून,
चिटणीस